इच्छामापक

सकाळी सात वाजता आधारपोशाखाने दामू वस्तादांना उभं केलं. व्यायाम करायचा का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. पोशाखाच्या छातीवर इच्छामापक होता. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाच्या स्नायूंतले विद्युतसंकेत टिपून तो त्याची इच्छा टक्क्यांत सांगायचा आणि पोशाख तेवढं बळ पुरवायचा.

"ब्याऐंशी!" मुलगी ऋजुता हरखली. "बाबा अजून तसेच जिद्दी आहेत."

मिरजेत चाळीस वर्षं मल्लखांब शिकवलेला माणूस जिद्दी असणारच, असं घराने धरूनच टाकलं होतं.

लुळा डावा हात वर जाऊ लागला. कालपासून तो खांदा खोबणीतून सरकत होता. पोरांचे निखळलेले खांदे हाताळलेल्या वस्तादांना हे पक्कं कळत होतं. आणखी ओढला तर हात कायमचा जाणार. त्यांनी जीव एकवटून तो खाली दाबायचा प्रयत्न केला.

पण यंत्राला फक्त जोर कळे, दिशा नव्हे.

"एक्क्याण्णव! शाब्बास, बाबा!"

पोशाखाने बळ वाढवलं. वस्ताद ओरडले, पण तोंडातून नुसतं "अं... अं..." निघालं. त्या शाब्बासकीची त्यांना भयंकर चीड आली.

विरोध केला की यंत्र चेकाळतं. मग अंग सैल सोडायचं. खांबावर अंग सोडू नका, म्हणून पोरांवर ओरडण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी डोळे मिटून एकेक स्नायू सोडून दिला. आकडा तीनवर घसरला. हात खाली आला. किती बरं वाटलं!

"इच्छाशक्ती खालावली आहे," पोशाख मंजुळपणे म्हणाला. "उद्यापासून पूर्णबळ व्यायाम. इच्छेची अट राहणार नाही."

पत्नी हेमलताबाई चहा ठेवून धावत आल्या. त्यांनी वस्तादांचा उजवा हात धरला. "अहो, नको आहे का तुम्हाला हे? नको असेल तर माझा हात दाबा."

दाबला तर खांदा पुन्हा खेचला जाणार, हे वस्तादांना ठाऊक होतं. तरी त्यांनी सगळी ताकद लावून दाबला.

आकडा शहाण्णववर गेला. डावा हात वर उचलला जाऊ लागला.

"आई, नको म्हणणाऱ्याची इच्छा शहाण्णव असते का?" ऋजुता म्हणाली.

हेमलताबाईंनी आपली लाल झालेली बोटं लेकीसमोर धरली.

"मग ही कुणी दाबली?"