बेचाळिसावा दगड

"पाटीलबाई, लगोलग वर या. आमच्या दफनाच्या जागंत एक थडगं वाढलंय. आन् वाड्यात मेलं तर कुणीच न्हाई!"

फोन हैबतीबाबांचा होता. धनगरवाड्यावर कुणी गेलं की खड्डा तेच खणत.

हिर्डोशीच्या पोलीस पाटील नूतन डोंगर चढून पोचल्या, तोवर घाटात बंदोबस्ताला असलेले हवालदार आले होते. वाड्यातल्या गेनूचं मनगट त्यांच्या मुठीत होतं.

नव्या दगडावर घोंगडी पांघरलेली. गेनूच्या थोरल्या भावाची, भैरूची, लग्नातली. चार वर्षांपूर्वी भैरू गेनूशी भांडून मेंढरं घेऊन कोकणात उतरला, तो परतलाच नाही.

"घोंगडी तुमच्याच पेटीतली ना?" हवालदारांनी दरडावलं.

"व्हय. पर म्या न्हाई काढली. दादा येनार हाय."

"येनार कुठला! तूच गाडलंस त्याला," गर्दीतून कुणी बोललं.

हवालदार म्हणाले, "उकरायला तहसीलदारांचा हुकूम लागतो. तोवर हा ठाण्यात."

गेनूची वहिनी, भैरूची बायको कोंडाबाई, बांधाबाहेर उभी होती. बायका या जागेत पाऊल टाकत नाहीत. नूतनही आज नोकरी म्हणूनच आत आल्या होत्या.

ग्रामसेवक यादी घेऊन उभे. जागा शंभर वर्षांची. घाटापलीकडून आलेले पहिले मेंढके इथंच निजलेले. ज्यानं त्यानं आपापल्या मयतावर ओटा बांधावा, की सगळ्यांच्या नावांची एक भिंत उभारावी, यावर दोन ग्रामसभांत भांडणं झाली होती. शेवटी भिंत ठरली. इथं पुरलेल्यांचीच नावं. काल दगड भरले एकेचाळीस. आज बेचाळीस.

नूतन वाकल्या. ढिगाची माती मुठीत घेतली. काळी, भुसभुशीत.

"बाबा, खोल खणलं की काय निघतं?"

"हातभर गेलं की पिवळा मुरूम. ढीग पार वरपत्तुर पिवळा व्हतो."

"इथं पिवळा खडा तरी दिसतोय?"

हैबतीबाबांनी ढीग चाचपला, मान हलवली.

"आणि मयताचं डोकं कुठं करता?"

"डोंगराकडं. दगड उशालाच. ह्यो तर खालच्या वढ्याकडं, पायताला रोवलाय! कुना येड्यानं?"

नूतननी चौफेर पाहिलं. जुन्या थडग्यांची माती केव्हाच बसली होती. नुसते दगड उभे. डोकं कुठं, पाय कुठं, बघून कुणाला कळलं असतं?

"गेनू किती मयतांना आलाय?"

"समद्यास्नी. माझ्यासंगं खड्डा खनतोय की त्यो."

नूतन हवालदारांकडे वळल्या. "सोडा त्याला. खाली कुणी नाही. खणलं असतं तर मुरूम वर आला असता. ही नुसती वरची माती ओढलीय. आणि खून करणारा वर दगड रोवून, घोंगडी घालून गावाला सांगतो होय? घोंगडी पेटीतली, म्हणजे माणूस त्या घरातलं. घरात दीर-भावजय दोघंच. गेनूची दगडाच्या जागेत चूक व्हायची नाही. ज्यानं दगड रोवला, त्यानं इथलं एकही मयत पाहिलेलं नाही. वाड्यातल्या पुरुषानं ही चूक केली नसती."

सगळ्यांच्या माना बांधाकडे वळल्या.

कोंडाबाईनं पदर तोंडावर ओढला. "म्याच रोवला. भिंतीवर समद्यांची नावं लागनार. माझ्या धन्याचंच न्हाई? मढं न्हाई गावलं म्हून मानूस जगात नव्हताच का?"

"आणि दिराला बेडी पडत होती, तरी गप्प?" नूतननी विचारलं.

"बोलले असते तर नाव गेलं असतं," ती पुटपुटली. गेनूकडे बघायची तिची छाती झाली नाही.

गेनू मनगट चोळत म्हणाला, "वैनी, मला सांगायचं हुतं."

"काय सांगू? तू रोज म्हनायचास, दादा येनार. रोज तिसरं ताट वाढाय लावायचास. मला रडूसुदीक दिलं न्हाईस रं!"

ग्रामसेवकांनी हळूच विचारलं, "मग... भैरूचं नाव घालायचं नाही ना?"

कोंडाबाईनं मान खाली घातली.

"घाला," गेनू म्हणाला. यादीवर बोट ठेवून त्यानं पुन्हा सांगितलं. "घाला सायब. दादा गेला."

बांधापलीकडं कोंडाबाईनं हंबरडा फोडला.