रविवारचं साक्षगंध

यवतमाळच्या स्टँडवर दारव्ह्याची गाडी लागली, तेव्हा साधनाच्या दोन्ही हातांत शिवायच्या कापडाची ओझी होती. तरी ती रेटारेटीतून आत शिरली आणि खिडकीची जागा पटकावून बसली. मागून कोणीतरी खाकरलं. बघते तर बारीक केस कापलेला एक उंच जवान...

“तुम्ही माह्या दस्तीवर बसल्या,” तो म्हणाला.

बाहेरून दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकून जागा धरायची, हा आपल्याकडचा कायदाच. साधनाला तो तोंडपाठ होता. पण उठेल ती साधना कसली!

“दस्तीवर नाव आहे का तुमचं?”

“नाव सांगतलं त् उठसान का?”

दोघांनाही उतरायचं ते बोरी अरब येईपर्यंत बिचारा दांडा धरून उभा. तिनं खिडकीबाहेर बघायचं इतकं नाटक केलं की मान अवघडली. उतरताना दस्ती द्यायची ती विसरली... म्हणजे, विसरली असं ती सांगते.

त्याचं नाव संघदीप. त्याची आई तुळसाबाई नुकतीच बाभुळगाव सोडून बोरीत भावाजवळ राहायला आली होती, आणि हा फौजेतून सुट्टीवर. दुसऱ्या दिवशी तो साधनाच्या घरी दस्ती मागायला आला. मग आईचं पोलकं शिवायला टाकायला, मग ते न्यायला, मग बाही घट्ट झाली म्हणून पुन्हा. तुळसाबाईच्या बाह्या त्या उन्हाळ्यात एवढ्या वेळा उसवल्या की अख्ख्या गल्लीला कळायचं ते कळलं. साधना माप लिहिता लिहिता हसायची, तो शिवणयंत्राच्या चाकाकडे बघत बसायचा. अखेर दोन्हीकडची माणसं बसली, बोलली, आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, रविवारी ठरलं.

पण ते साल नव्याण्णवचं होतं. वाहिदच्या किराणा दुकानापुढं वर्षभर कापसाच्या पडलेल्या भावाला शिव्या चालायच्या, तिथं आता रेडिओवर कारगिल लागलं की माणसं गप्प व्हायची. पुसदकडच्या एका गावात तिरंग्यातली पेटी आली. त्या पेटीतला जवान संघदीपच्या ओळखीचा होता. संघदीप मातीला जाऊन आला, आणि त्यानंतर पोलक्याच्या तक्रारी बंद झाल्या. साधना दाराकडे बघून बघून थकली.

शुक्रवारी तार आली. सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा.

संध्याकाळी तो आला, पण आत येईना. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“साक्षगंध राहू दे, साधना.”

“काहून?”

“त्या पुसदवाल्याची बायको पाह्यली मी. तुह्याच वयाची आहे. लोक तिच्याकडं कसे पाहून राह्यलते... माहं काही झालं त् तुह्याकडं तसंच पाहतीन. आज तू मोकळी आहे. मोकळीच राह्य.”

“मले विचारलं तुम्ही?”

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो, धामणगावहून रेल्वे आहे, एवढंच सांगून तो गेला. आत विमलताईनं, साधनाच्या आईनं, सुटकेचा श्वास सोडला आणि लेकीनं तो ऐकला. लढाईचा निकाल लागू दे, मग पाहू, असं आई हळूच म्हणाली. खरं सांगायचं तर साधनालाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची मग तिला इतकी लाज वाटली की ती ताटावरून उठली.

सकाळी वाहिदनं दुकान उघडलं, तर पायरीवर साधना. तिनं साखर मागितली, आणि पुडा बराच मोठा मागितला. एवढी साखर कशाला, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण तिचा चेहरा बघून त्यानं निमूट मोजली.

स्टँडवर गाडी उभीच होती. खिडकीशी संघदीप, खाली पदरात तोंड घेऊन तुळसाबाई. साधना थेट तुळसाबाईंसमोर गेली, वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या तळहातावर साखर ठेवली. मग गाडीत चढली. ड्रायव्हर, कंडक्टर, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया, एकेकाच्या हातावर चिमूट चिमूट ठेवत निघाली. साक्षगंधाला साखर वाटायची मुलाकडच्यांनी, हा रिवाज. इथं मुलगीच वाटत सुटली होती! कंडक्टरनं साखर तोंडात टाकली आणि कशाची म्हणून विचारलं.

“माह्या साक्षगंधाची,” तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

संघदीप ताडकन उभा राहिला. “साधना, काय करून राह्यली तू?”

“गाडीभर लोकायनं साखर खाल्ली. आता सोयरीक झाली.” तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. “मोडाची असन त् वापस येऊन मोडजा. तोवर नाही मोडत ते.”

सीमेवर जायला न डरलेला तो गडी एका मुलीसमोर पार गडबडून गेला. मग त्यानं हात पुढं केला. तिनं उरलेली साखर त्यावर ओतली. तो ती खात असताना ती त्याच्याकडे बघत राहिली... मनसोक्त, चार लोकांदेखत.

कंडक्टरनं घंटी मारली. साधना खाली उतरून तुळसाबाईंना बिलगली. गाडी हलली, तसा तो खिडकीतून अर्धा बाहेर आला.

“मोडाले नाही येत,” तो ओरडला. “लग्नाले येतो!”