मलप्पाच्या हातातलं इस्टेरिंग

उचल ते. आधी उचल ते माझ्या म्होरून! ओसरीवर बसून जेवतो आपण, अन तू तिथंच पोतं आणून ठिवायलास व्हय?

न्हाई, राग न्हाई भाचेबुवा. नांदेडाहून येतोस, दोन दिस मामाकडं राहतोस, मला आनंदच हाय. पर त्या पोत्यात काय हाय ते मला वासावरूनच कळलं. इस्टेरिंग हाय ना? डबा, दांडा, चाक, सगळं? अन गाडी एक्सिडंटची. शिवांगी, तू सांग गं, तुझा भाऊ खोटं बोलंल... बघ. मान खाली घातली पोरीनं.

तुझी ती डोंगरानाल्यात घालायची जीप, तिला पावर इस्टेरिंग बसवायचं, ते बी घरीच. बसव की. हौसेला मोल न्हाई. पर नवं आणून बसव. माणूस मेलेल्या गाडीचं... थू!

लाईट बी गेली. बसा आता. भुजंगाचं सांगतो तुमाला. मग त्या पोत्याचं काय करायचं ते तुझं तू ठरीव.

भुजंग म्हंजे चाकूरच्या खाल्ल्या अंगाला माझं रान हाय ना, त्याला लागून त्याचा आखाडा. आखाडा म्हंजे कुस्तीचा न्हवं गं शिवांगी, शेतातलं घर. तिघंच राहायचे तिथं. भुजंग, त्याची बायको दीपमाला, अन आई केवळाबाई. माणूस गुणाचा. कष्टाळू. त्याच्याकडं बी तुझ्यासारखीच चारी चाकं वढणारी जुनी जीप व्हती. हौस न्हवती ती, गरज व्हती. आपलं काळं रान. पाऊस पडला की पायातली चप्पल सुदिक धरून ठिवतंय. पावसाळ्यात आखाड्यावरून डांबरी सडकंला यायचं तर एकतर बैलगाडी, न्हाई तर ती जीप.

आन त्याचा उजवा खांदा मोडलेला. आत सळई. जीपचं इस्टेरिंग जुन्या बनावटीचं, दगडावानी जड. वर त्यात खेळ इतका, की चाक चार बोटं फिरवलं तरी गाडी सरळच जायची. चिखलात एका हातानं ते ओढायचं म्हंजे मरण. अन त्या साली, लई वर्सांनी, दीपमालाला दिवस राहिलेले. बाळंतपण भर आखाड म्हैन्यात, पावसात येणार. म्हणून गड्यानं मनावर घेतलं, पाऊस लागायच्या आत गाडीला पावर इस्टेरिंग बसवायचं. आपल्याच हातानं. त्यात काय गलत व्हतं? काईच न्हाई.

एक दिस सकाळी गेला लातूरला. दुकानं फिरला. समदे म्हणले, तुमच्या गाडीला बसंल असलं मागवावं लागंल, वेळ लागंल. मग आला तसाच माघारी, तोंड पाडून. अन येताना वाटंत ती विहीर लागली.

त्या विहिरीला कठडा न्हाई. आखाड्याची वाट जिथं सडकंला मिळती, तिथं वळणावर, डाव्या हाताला. आठवडा बी झाला नसंल, तिच्यात काळी-पिवळी, सवारीची पावर इस्टेरिंगवाली जीप, पडली व्हती. डायवर मलप्पा, उदगीरच्या पल्याडचा. माणूस सरळ, पर एक खोड व्हती, गाडीचं इस्टेरिंग कुणाच्या हातात द्यायचा न्हाई. मालक समजा, दोस्त समजा, कुणी म्हणलं 'जरा चालवून बघू दे', की म्हणायचा, "बसा की मागं निवांत." त्या राती एकटाच व्हता गाडीत. पाण्याला वास यायला लागला तव्हा गावाला कळलं.

क्रेननं गाडी वर वढली तव्हा मी तिथं व्हतो. न्हाई सांगत काय बघितलं ते. अंग फुगून पांढरं पडलेलं, अन दोन्ही हात इस्टेरिंगला तसेच. सुटंनात. दोघांनी मिळून एक एक बोट उकललं. मी बांधावर जाऊन भडाभडा ओकलो.

त्याची म्हातारी आई आली, नागम्मा. कानडी बोलायची, मराठी मोडकीतोडकी. लोकं गाडीभवती गिधाडावानी फिरायलेले तिनं बघितलं. मढं अजून जळायचं व्हतं, अन कुणी बॅटरी नेली, कुणी टायरं, कुणी शिटा! शिसारी आली मला आपल्याच गावाची. तर म्हातारी काय म्हणली? "समदं न्या. अदु बेडा." तेवढं नको. अन चाकावर हात ठिवला. "त्याच्या हातातलं हाय. दहावं झालं की मी येते न्यायला."

एवढंच मागितलं तिनं.

ते बी भुजंगानं ठिवलं न्हाई. लातूरहून मोकळ्या हातानं आल्ता ना. त्याच सांजंला पाना घेऊन विहिरीवर गेला, अन चाकापासून खालच्या तेलाच्या डब्यापोतर, पंपासकट, सगळं काढून आणलं. मला म्हणला, "दादा, माझ्या बायकूचा जीव म्हत्त्वाचा, का मेलेल्याचं लोखंड?"

दुसऱ्या दिशी मला हाक मारली हात लावायला. गेलो. अंगणात गोणपाटावर मांडून बसलेला. डब्याचा बोल्ट ढिला केला, अन आतून जे आलं... तेल न्हवं ते. विहिरीचं पाणी अन तेल मिळून दह्यावानी झालेलं, करडं, तार धरणारं. त्यात केसं. वास असा, की घराम्होरचं कुत्रं उठून गेलं. भुजंगानं नाकाला फडकं बांधलं अन डिझेलनं धू धू धुतलं.

मग चाकावरचं रेग्झिनचं कव्हर काढलं. दोरीनं शिवलेलं व्हतं, दोरी कापली. आतून बुळबुळीत. अन त्या बुळबुळीत चिकटून एक नख.

माणसाचं नख. अंगठ्याचं. आक्खं.

मी म्हणलं, "भुजंगा, ठिव हे. जिथनं आणलं तिथं नेऊन ठिव." त्यानं काय करावं? नख काडीनं खरवडलं, अन टाकलं उकिरड्यावर! शेणात! अरं माणसाचं हाय की ते, कोंबडीचं हाय का? मी तसाच उठलो, घरी येऊन दोनदा आंघोळ केली. त्या कामाला पुन्हा हात लावला न्हाई.

केवळाबाई दारात उभी राहून बघायलेली. ती म्हणली, "भुजंगा, बैल इकताना आपण दावं देतो का रं? जनावर जातंय, दावं घरधनी ठिवून घेतो. घेणारानं आपलं दावं आणावं. दुसऱ्याचं दावं बांधलं की जनावर जुन्या मालकाच्याच वाटंनं जातंय."

भुजंग हसला. "आये, इस्टेरिंग हाय हे. दावं न्हवं."

"मग गाडीचं दावं ते दुसरं काय असतंय?" म्हणली, अन आत गेली.

बसवलं त्यानं. डबा बसवला, इंजनला पंप लावला, पट्टा चढवला, पायपा जोडल्या, तेल भरलं. आता त्यात हवा राहती. ती काढायला म्होरची चाकं जॅकवर उचलायची, अन इस्टेरिंग ह्या टोकापासून त्या टोकापोतर फिरवत राहायचं. तुला ठावं हाय ते. त्यानं सांजंपोतर फिरवलं, इंजन बंद केलं, किल्ली काढून खिशात घातली अन जेवायला बसला.

भाकर मोडली, तर बाहीरून आवाज. घर्र... टक्.

वाटलं, हवा असंल तेलात.

घर्र... टक्.

कंदील घेऊन गेला. जीप बंद. आत कुणी न्हाई. अन म्होरची दोन्ही चाकं, हवेत लटकलेली... सावकाश... डावीकडं वळायलेली. टोकाला गेली. टक्. थांबली. मग उजवीकडं.

त्यानं इस्टेरिंगला हात लावला, तव्हा थांबलं. चाक वल्लं व्हतं म्हणला. वल्लं अन बुळबुळीत. धुवून, पुसून, नवं कव्हर चढवून सुदिक.

तरी काढलं न्हाई. कामून? तर चालायचं झकास! चिखलात एका बोटानं गाडी वळायची. आडलेला माणूस डोळ्यावर पट्टी बांधतो बघा. जरा डावीकडं वढती म्हणायचा, तेवढंच. गाडी सरळ चालावी म्हणून दोनदा खालचा दांडा पिळून बघितला. डावीकडं वढायची ती वढायचीच. तिकडं नागम्मा येऊन गेली. विहिरीपाशी बसली, गाडीत चाक न्हाई हे बघितलं, अन माघारी गेली. हे भुजंगाला कळलं. म्हणला, बाळंतपण होऊ दे, मग नेऊन देतो.

आखाडातली अवस व्हती. दिव्याची अवस. केवळाबाईनं कणकीचे दिवे केले, ववाळले. अन निजानिज झाली तव्हा दीपमालाच्या पोटात कळा सुरू. पाऊस दिसभर कोसळलेला. फोनला रेंज न्हाई. चिखलातून दवाखान्याची गाडी येणार न्हाई. बैल चाकूरला पोचंपोतर दीपमाला जगणार न्हाई. राहिली जीप.

मागं गोधडी टाकून दीपमालाला निजवलं. तिचं डोस्कं केवळाबाईच्या मांडीवर. निघाले.

आखाड्यापासून निम्म्या वाटंपोतर गाडी गुमान चालली. चिखल कापत. मग काचंतून वास यायला लागला. तोच. डब्यातला.

"आये, वास येतो का गं?"

केवळाबाईनं पदर नाकाला लावला.

हाताखाली इस्टेरिंग वल्लं व्हायलं. पुसावं म्हणून त्यानं एक हात उचलला... तर चाक हललं न्हाई. खड्डा आला. गाडीनं खड्डा चुकवला. त्यानं चुकवला न्हवता.

त्यानं हात परत ठिवला. हाताखाली रेग्झिन न्हवतं.

बोटं व्हती.

गार. फुगलेली. मऊ. त्याचे हात त्या हातावर...

मागून दीपमाला वरडली. अन म्होरं दिव्याच्या उजेडात वळण दिसलं. सडक उजवीकडं. विहीर डावीकडं.

गाडी डावीकडं वळायली.

त्यानं बिरेक दाबला. चाकं चिखलात घसरली, गाडी थांबंना. खांद्यातली सळई तुटंस्तोवर उजवीकडं वढलं. दगड. जरा बी हलंना. गवत आलं. काठ आला. म्होरचा दिवा खाली... पाण्यावर पडला. काळं पाणी दिसलं त्याला.

तव्हा तो वरडला. बापाच्या नावानं न्हाई, देवाच्या नावानं न्हाई. वरडला, "मलप्पा! चुकलं रं! तुझं तू घे... काय बी घे माझं... काय बी घे, पर हिला पोचू दे!"

केवळाबाईनं मागून झेप घेऊन त्याचं तोंड दाबलं. "काय बोललास रं हे! काय बी म्हणू न्हाई! काय बी म्हणू न्हाई रं..."

पर बोलून झालतं.

मग... हाताखालचं इस्टेरिंग हलकं झालं. कापसावानी. आपोआप उजवीकडं वळलं. गाडी सडकंला लागली. चाकूरपोतर अंधारातून, खड्ड्यातून, एक झोल न्हाई. भुजंगानं हात नुसते ठिवलेले. चालवायलं कुणी दुसरंच व्हतं. आपल्या हातानं, निवांत, सराईत डायवरावानी.

दवाखान्याच्या फाटकात इंजन आपलं बंद पडलं.

बाळ झालं. पोरगं. दीपमाला वाचली. भुजंग फाटकाबाहीर बसून ढसाढसा रडला. उजाडल्यावर पाना घेऊन त्यानं समदं खोललं, उदगीरच्या पल्याड नेऊन नागम्माच्या पायाशी ठिवलं. म्हातारीनं ते चाक मांडीवर घेतलं. अन त्याला एकच इचारलं. "त्यानं काय घेतलं?"

भुजंग म्हणला, "काईच न्हाई, आई. माझं समदं राजीखुशी हाय."

मला बी तसंच वाटलं. बारशाला मी गेलो. पाळणा सजवलेला, बाया गाणी म्हणायलेल्या. लेकरू गोरंगोमटं. पर केवळाबाई त्याच्या उजव्या हाताला टोपड्याचं फडकं गुंडाळून ठिवायली. कुणी सोडायला गेलं की हात झटकायची. मी म्हणलं, आजीचं खूळ. पाच रुपयाचं नाणं मुठीत द्यावं म्हणून मी ते फडकं सोडलं.

चार बोटाला नखं व्हती. चिमुकली, गुलाबी, चांगली.

अंगठ्याला न्हवतं. दुखलेलं न्हाई, तुटलेलं न्हाई. नुसतं मऊ, पांढरं, पाण्यात लई येळ राहिल्यावानी मास.

आता तीन वर्साचं झालं पोरगं. आंगणवाडीत जातंय. अजून आलं न्हाई ते नख.