मधली मोकळी ओळ

"जन्म वर लिहायचा, ऋतू, मृत्यू खाली. आणि मधे एक ओळ मोकळी सोडायची. दिवस अजून सरलेला नसतो."

वडील गेल्यावरही, खडू हातात घेतला की ऋतुजाला आप्पांचं हेच बोलणं ऐकू यायचं. सकाळी सिद्धेश्वराला बेल वाहायचा, मग वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर दिनविशेष लिहायचा. त्यांचा नेम तिने जसाच्या तसा चालवला होता.

श्रावणात एका सकाळी टॉवेलांचा भलामोठा गठ्ठा खांद्यावर घेतलेला कुणी त्या फळ्याला घासून गेला आणि निम्मी थोर माणसं पुसली गेली.

"अहो! बघून चाला की!"

"गठ्ठ्यामागनं दिसतंय कुटं, मॅडम?" आधी हसू आलं, मग चेहरा. "सांगा, कोण कोण गेलं माझ्या हातनं?"

हा मल्हार. सांगोल्याकडचा, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्यानंतर तो रोज पेपर वाचायला येऊ लागला. पेपर कैकदा उलटा धरलेला असायचा.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी म्हणाला, "माझ्या वाढदिवसाला पेढा आणणार. तुमी खाल्ला, तर... घरच्यांना तुमच्याकडं पाठवतो. न्हाय खाल्ला, तर पेपर आपला खोलीवरच वाचीन. खाणार? वचन द्या."

तिची कानशिलं तापली. फळ्याकडे बघतच ती म्हणाली, "दिलं. कधी असतो?"

"बारा जानेवारी."

हातातला खडू मोडला. आप्पा गेले ती तारीख! त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, असं ती देवापुढे बोललेली. पण त्याला त्यातलं काही न सांगता ती खडूचे तुकडे वेचू लागली.

बारा तारीख उजाडली. वर जिजाऊ आणि विवेकानंद, खाली सोलापूरचे चार हुतात्मे लिहून ती वळली, तर इस्त्रीचा सदरा घालून, पेढ्यांचा पुडा धरून तो उभा.

"आज... उपास आहे माझा."

"पेढा चालतोय की उपासाला!"

"आजच्याला नाही चालत."

त्याचं हसू विझलं. "कळलं, मॅडम."

"तसं नाही—"

"अंधार पडस्तवर सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी हाय मी," एवढंच बोलून तो गेला.

दिवसभर तिला उमगेना. रडू आप्पांसाठी येतंय, की त्याच्यासाठी? आजच्या दिवशी त्याची आठवण येते, हेच पाप तर नव्हे? शेवटी देवघरात वाती वळताना तिने आईला सगळं सांगून टाकलं.

"फळा पुसला तोच का गं?" गिरिजाबाईंनी विचारलं. "कसा आहे?"

"पेपर उलटा धरतो."

आई हसली, मग पदराने डोळे टिपले. "उपास दिवेलागणीला सोडतेस ना? मग सोड की. कशानं सोडायचा, हे काही तू देवापुढे बोलली नव्हतीस."

"पण आई, आज आनंद व्हावा... बरं दिसतं का?"

"रोज एकाच फळ्यावर दोन्ही लिहितेस की, बाई."

समई लागली. ऋतुजाने आप्पांच्या फोटोला नमस्कार केला, पायांत चपला सरकवल्या. वाटेत वाचनालयाशी जरा थबकली. फळ्यावरची मधली ओळ अजून कोरीच होती.

ओढणी सावरून ती तळ्याच्या वाटेला लागली.