लुंबिनीचे दोन सेंटिमीटर

बुद्धप्रिया सोनकांबळे यांच्या लातुरातल्या ऑफिसात दोनच तऱ्हेचे लोक यायचे. लग्नाआधी मुलाची चौकशी करून द्या म्हणणारे आईबाप, नाहीतर ट्यूशनला पाठवलेलं पोरगं दिवसभर असतं कुठं, हे विचारणारे आईबाप. माझ्या बापाची चौकशी करा म्हणत मुलगी आली, ती त्या शनिवारी पहिल्यांदाच.

मुलगी नायगावची, लुंबिनी हनमंते, वय बावीस. राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेची विभागीय फेरी लातुरात चालली होती. बारा मुलींमध्ये लुंबिनी गुणांनी तिसरी होती आणि पहिल्या तिघी देशपातळीवर जाणार होत्या.

बुद्धप्रियाबाईंचे सहायक भुजंगराव, निवृत्त हवालदार, यांनी तिला पाणी दिलं आणि यात नेमकं करायचं काय असतं ते विचारून घेतलं. आधी ओळख, मग कला, मग आपल्या भागाचा पेहराव, आणि आज संध्याकाळी पाचला गाऊन घालून चालणं आणि प्रश्नाचं उत्तर. सहा महिने तिनं घरात पाच इंची टाचांवर सराव केला होता. भांडीसुद्धा टाचांवरच घासली म्हणे. भुजंगरावांनी बत्तीस वर्षं पोलिसी बूट घातले होते, त्यांना तिचं फार कौतुक वाटलं.

घोळ काल झाला होता. शेवटच्या फेरीआधी सगळ्यांची उंची पुन्हा मोजली. नियम एकशे त्रेसष्ट सेंटिमीटरचा. लुंबिनीनं फॉर्मला सरकारी दवाखान्याचा दाखला जोडला होता, एकशे चौसष्टचा. इथं भरली एकशे बासष्ट. तिचे वडील विनोद त्याच दवाखान्यात कंपाउंडर. मग काय, बापानंच दाखल्यात वाढवलं असा आयोजकांनी अर्थ काढला. चार वाजेपर्यंत तब्येतीचं कारण लिहून माघार घे, नाहीतर दाखल्याची तक्रार वर जाईल, असं तिला बजावलं.

"तुला स्पर्धेत परत जायचंय ना?" बुद्धप्रियाबाईंनी विचारलं.

"ते नंतर, मॅडम. पप्पांनी माझ्यासाठी खोटं केलं का, तेवढं सांगा. केलं असंल तर मी गुपचूप घरी जाते. कालपासून मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते बी माझ्याकडं बघंनात."

बाईंनी पर्स उचलली.

आयोजक शिवशंकर बिडवे हॉलवर भेटले. जिम चालवणारा धिप्पाड गडी, पण तक्रार करावी लागणार म्हणून रात्रभर झोपला नव्हता. उंची मोजायचा स्टँड मुंबईहून येताना मोडला, म्हणून शिंप्याचा टेप भिंतीला लावला, असं त्यांनी सांगितलं. परीक्षकांसमोर, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून. टेप दीडशेचाच असतो, म्हणून दीडशेवर रेघ मारून वर पुन्हा तोच टेप धरला. लुंबिनीला तर तीनदा मोजलं.

भुजंगरावांनी रेघेवर झडप घातली. रेघच कुणीतरी वर सरकवली असणार, असं त्यांचं म्हणणं. शिंप्याचा टेप आणून लावला तर रेघ बरोबर दीडशेवर. भुजंगराव हिरमुसले.

बाईंनी बाराही मुलींची यादी मागितली. शिवशंकर हसले. फॉर्मवर पोरी उंची वाढवतातच, म्हणाले. सगळ्यात उंच मुलीनं एकशे शहात्तर लिहिलं, भरली एकशे पावणेचौऱ्याहत्तर. देवणीच्या आरतीनं एकशे अडुसष्ट लिहिलं, भरली एकशे सहासष्ट. बाकीच्यांचंही तेच, पण त्या नियमात बसत होत्या, म्हणून कुणी काही बोललं नाही.

ही आरती चौथी होती. लुंबिनी गेली की हिचा नंबर लागणार. भुजंगरावांचे डोळे चमकले आणि त्यांनी खिशातली वही काढली.

आरतीनं मात्र उलट यांनाच धारेवर धरलं. तिचे एकशे अडुसष्ट गेल्या वर्षी पोलीस भरतीत मोजलेले होते, भर मैदानात, पन्नास पोरींसमोर. धावण्यात हुकली ती गोष्ट वेगळी, पण खोटारडी का म्हणून? आणि लुंबिनीबद्दल विचारलं तर म्हणाली, पेहरावाच्या फेरीत माझी नऊवारी सुटत होती, तिनं स्वतःच्या पिना काढून मला लावल्या. नंबर लागावा असं लई वाटतंय, पण असा नको. भुजंगरावांनी वही खिशात घातली.

शिंपी गुंडप्पा उदगीरकडचा. कोपऱ्यात मशीन मांडून गाऊनच्या किनारी घालत होता. तीस वर्षांत एक कपडा परत आला नाही, हे त्यानं न विचारताच सांगितलं, आणि ते खरंच असावं, कारण त्यानं शिवलेल्या लुंबिनीच्या गाऊनला कुठं सुरकुती नव्हती. गळ्यातला कापडी टेप त्याच्या उस्तादानं दिलेला. घामानं ओला झाला की तो पिळायचा, ताणून इस्त्री फिरवायचा, पुन्हा गळ्यात. त्याचं दुःख एकच, लातूरचे कापडवाले. तीन मीटर घेऊन घरी मोजलं की दोन बोटं कमीच. चार दुकानं बदलली, सगळे मेले एका माळेचे मणी.

विनोद हनमंते बाहेर पायरीवर बसले होते. डॉक्टरांनी तुमच्यासमोर मोजलं का, असं विचारल्यावर हाव म्हणाले. तुम्ही डॉक्टरांना काही म्हणाला होतात का, या प्रश्नावर त्यांची नजर स्वतःच्या चपलांवर गेली.

"म्हनलो असंल कायतरी," ते म्हणाले.

"झालं, मॅडम," भुजंगराव हळूच कुजबुजले. "बापानंच केलं. वाईट वाटतंय, पण केलं."

बुद्धप्रियाबाईंनी त्यांना हार्डवेअरच्या दुकानात पिटाळलं आणि साडेतीनला सगळ्यांना भिंतीपाशी बोलावलं. विनोद तेवढे आले नाहीत.

"बारा पोरी बारा गावांच्या," बाई म्हणाल्या. "खोटं बोलायचं तर एखादी अर्धा सेंटिमीटर वाढवील, एखादी पाच. इथं सगळ्या साधारण दोनच वाढवतात, आणि सगळ्यात उंच आहे तिचे थोडे जास्त. असं ठरवून कोण बोलतं? शिवाय आरतीची उंची पोलिसांनी मोजलेली. म्हणजे पोरी लहान नव्हत्या. माप मोठं होतं."

गुंडप्पाचा हात गळ्याकडं गेला.

"गुंडप्पा, चार दुकानदार एकमेकांना विचारून तुम्हाला नेमकं तेवढंच कमी देत होते का? घामानं भिजलेला कापडी टेप तुम्ही तीस वर्षं ताणून इस्त्री करताय. तो लांबला. लांबलेल्या टेपनं कापड मोजलं तर कमी भरणार, आणि माणूस मोजलं तर बुटकं."

"पण मॅडम," भुजंगराव म्हणाले, "मग याचे कपडे असे चापूनचोपून कसे बसतात?"

"अंगही तो त्याच टेपनं मोजतो आणि कापडही त्याच टेपनं," बाई म्हणाल्या. " दोन्हीकडं सारखीच चूक, म्हणून अंगावर बरोबर. म्हणून तर टेपवर कुणाचा संशय गेला नाही."

भुजंगरावांनी आणलेला पोलादी टेप जुन्याशेजारी जमिनीवर अंथरला. जुन्याचे दीडशे नव्याच्या जवळजवळ एकशे बावन्नला येऊन टेकले. लुंबिनी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. एकशे चौसष्ट. वर एक केसही नाही, खाली एक केसही नाही.

शिवशंकरांनी कान पकडले आणि सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. आरतीनं तिला कडकडून मिठी मारली आणि मग जरा बाजूला जाऊन एकटीच उभी राहिली. गुंडप्पा स्टुलावर बसला होता. तीस वर्षं शिव्या घातलेल्या चार दुकानदारांपैकी आधी कुणाकडं जावं, हे त्याला सुचत नव्हतं.

लुंबिनी अनवाणीच पायरीकडं धावली.

"पप्पा, टेप खोटा निघाला. मला वाटलं तुम्हीच दाखल्यावर वाढवून आणलं. चुकले मी."

विनोद मान खालीच ठेवून पायरीवर जरा बाजूला सरकले.

"पुरती न्हाई चुकलीस, बाळा," ते म्हणाले. "मी डॉक्टरसाहेबाला म्हनलो व्हतो, कमी भरली तर दोन वाढवून लिहा. हात जोडले व्हते. म्हनून तर तुझ्याकडं बघवंना."

लुंबिनी त्यांच्याशेजारी बसली.

"मग साहेब काय म्हणाले?"

"मोजलं त्यांनी. मग म्हनले, कंपाउंडर, हात खाली घ्या. तुमच्या पोरीला माझी गरज न्हाई."