सीटमागचा हात

साईनाथला थापा मारता येत नाहीत. लहानपणी शाळेला दांडी मारली, तर संध्याकाळी आत्यासमोर आपणहून कबूल करून मार खायचा. म्हणून आधीच सांगते, पुढे लिहिलंय त्यात माझ्या पदरचं काही नाही. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आता आहे का, ते मला विचारू नका.

गेल्या डिसेंबरमधला बुधवार. ठाण्यात, कोलशेतला, खाडीच्या अंगाला. दिवेलागणीची वेळ.

साईनाथ माझा आतेभाऊ. डोंबिवलीला राहतो, विम्याच्या कंपनीत नोकरी करतो. वय सेहेचाळीस. दोन वर्षांपूर्वी त्याला हार्ट अटॅक येऊन गेला. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा, चांगलंच आहे. पण नाडी एकशे तीसच्या वर जाऊ द्यायची नाही." त्याच्या बायकोने, समीक्षाने, त्याच्या मनगटावरच्या घड्याळात तसा अलार्मच लावून दिला. घड्याळ वाजलं की साईनाथने थांबायचं. साधी गोष्ट.

आणि आमचे हे महाराज गेले कुठे, तर जिथे थांबताच येत नाही अशा सायकलवर बसायला!

कोलशेतला एका बंद पडलेल्या कंपनीच्या आवारात सायकल शर्यतींचा जुना सिमेंटचा ट्रॅक आहे. लांबट गोल. दोन्ही वळणांवर जमीन आतल्या बाजूला इतकी कललेली, की चालत जायचं तरी माणूस हात टेकेल. महिपतकाका त्याची देखभाल करायचे. कंपनीत असताना शर्यती जिंकलेला माणूस, सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. हौशी लोकांना ते तासभर सायकल द्यायचे.

साईनाथच्या सायकलवाल्या ग्रुपमध्ये सगळे रविवारी जाऊन आले होते. हा मुद्दाम आडवारी, एकटा गेला. पडलो तर चारचौघांत हसं नको म्हणून. समीक्षाला सांगितलं, "हळू एक-दोन फेऱ्या मारीन." तिने नेहमीप्रमाणे जिभेखाली ठेवायची गोळी पाठपिशवीत टाकली.

काकांनी आधी सायकल समजावून सांगितली.

"हिला ब्रेक नाय. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार. पाय एकदम थांबवलेस तर फेकून देईल. जोर हळूहळू कमी करायचा, मग थांबते. आणि वळणावर फार हळू जायचं नाय, चाक घसरतं."

मग त्याला कठड्याला धरून सीटवर बसवलं. दोन्ही पाय पॅडलवर ठेवून चामडी पट्ट्यांनी आवळले. पाठपिशवी कठड्यालाच अडकवली.

"नव्या माणसाची सीट पाठीमागून मी धरतो. 'धरा' म्हणालास की धरणार. 'सोडा' म्हणालास की सोडणार. तोवर हात काढणार नाय. या ट्रॅकवर एवढे दोनच शब्द. तिसरं काही बोलायचं नाय, कळलं?"

साईनाथला हसू आलं. शिस्तीचा माणूस दिसतोय, एवढंच त्याच्या मनात आलं.

इतक्यात फाटकाबाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला.

एकदा... दोनदा...

"कोण मेलं आता या वेळेला? कठडा धरून बस. आलोच," म्हणून काका लंगडत गेले.

साईनाथ एकटा राहिला.

उजेड झपाट्याने उतरत होता. खाडीचा कुबट वास येत होता. पाय बांधलेले, बूड अरुंद सीटवर, हातात गार लोखंडी कठडा. मागे वळून बघावं तर तोल जाण्याची भीती. काका किती वेळ लावतायत, असं त्याला वाटायला लागलं.

आणि मग...

सीट मागून कुणीतरी धरली.

घट्ट. सायकल जागच्या जागी सरळ झाली. साईनाथच्या जिवात जीव आला.

"आलात काका?"

उत्तर नाही. काका दमले असतील, त्याला वाटलं. त्याने कठडा सोडला. सायकल हळूच पुढे सरकली. पॅडल आपोआप फिरायला लागलं, आणि पहिलं वळण समोरून भिंत उभी राहावी तसं उठलं. साईनाथ घाबरला. लहानपणी सायकल शिकताना आपण सगळेच जे ओरडतो, तेच त्याच्या तोंडून निघालं.

"सोडू नका हं! सोडू नका!"

मागून अगदी कानाशी, मायेने, कुणीतरी म्हणालं...

"धरलंय."

आवाज काकांचा नव्हता.

पण पाय बांधलेला माणूस करणार काय? वळण आलं. सायकल कलली. घसरली मात्र नाही. मागच्या हाताने ती नीट तोलून धरली होती. वळणातून बाहेर आल्यावर साईनाथने फाटकाकडे नजर टाकली.

काका फाटकाशी उभे होते. पाठमोरे. बाहेर वाकून रस्त्यावर कोण आहे ते बघत होते.

तेवढ्या अंतरावर.

मग सीट कुणी धरली होती?

तेव्हा त्याला पावलं ऐकू आली. इतका वेळ ती होतीच, पण तिकडे लक्ष गेलं नव्हतं. सिमेंटवर अनवाणी पावलं... थप... थप... थप... सायकलच्या मागोमाग, सायकलच्याच वेगाने.

धापा मात्र नाहीत. इतकं धावणारा माणूस श्वासच घेत नव्हता.

"सोडा!" साईनाथ ओरडला. "सोडा! सोडा!"

"धरलंय... धरलंय..."

लहान मुलाला समजवावं तसा तो आवाज. त्यात राग नव्हता, दुष्टावा नव्हता. साईनाथ मला म्हणाला, "ताई, त्याने धमकी दिली असती ना, तर बरं वाटलं असतं."

वेग वाढत गेला. साईनाथने पायांनी उलटा जोर लावून बघितला. मांड्या भरून आल्या, पण पॅडल त्याचं ऐकेना. पायच पॅडलबरोबर फरफटत फिरायला लागले. पट्टा सैल करावा तर एक हात सोडावा लागणार. हँडल सोडायची हिंमत होईना.

आणि घड्याळ वाजलं.

टीं... टीं... टीं...

नाडी एकशे तीसवर गेली होती. थांबायचं होतं. समीक्षाने बजावून सांगितलं होतं, थांबायचं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. छाती आवळायला लागली. डाव्या हाताला मुंग्या आल्या. ही खूण त्याला चांगली ओळखीची होती.

गोळी पाठपिशवीत होती. पाठपिशवी कठड्यावर होती.

प्रत्येक फेरीला ती त्याच्या बाजूने जायची. हाताच्या अंतरावरून. आली... गेली... परत आली... परत गेली... जीव वाचवणारी गोळी डोळ्यांसमोरून जात होती, आणि त्याला नुसतं बघत बसायचं होतं.

"काका!" त्याने होता नव्हता तेवढा दम लावून हाक मारली.

काकांनी वळून बघितलं. आधी त्यांना काही उमगलं नाही. मग त्यांची नजर साईनाथच्या सीटमागे गेली, आणि तो म्हातारा माणूस गेलेल्या गुडघ्यांनी धावत सुटला.

"काय बोललास तू? सोडू नका बोललास?" ते धावता धावताच ओरडले.

साईनाथने कशीबशी मान हलवली.

काका ट्रॅकच्या सपाट कडेला येऊन उभे राहिले. सायकल समोर आली तशी त्यांनी अंग झोकून दिलं. उजव्या हाताने सीट पकडली आणि जिवाच्या आकांताने ओरडले,

"मी धरलंय! धाकू, मी धरलंय त्याला! तू सोड!"

क्षणभर काही झालं नाही. मग...

मागचा जोर गेला.

सायकल, साईनाथ आणि काका, तिघंही कडेच्या सपाटीवर आडवे झाले. घड्याळ वाजतच होतं. साईनाथने खूण केली तशी काकांनी खुरडत जाऊन पाठपिशवी आणली, गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली, डाव्या हाताने पट्टे सोडले. उजवा हात त्यांनी छातीशी धरून ठेवला होता. मूठ आवळलेली होती.

फाटकाबाहेर कुणीच नव्हतं, असं ते नंतर म्हणाले. रस्ता पार रिकामा होता.

रिक्षाची वाट बघताना काकांनी सांगितलं ते एवढंच. कंपनीच्या दिवसांत धाकू नावाचा कामगार शर्यतींना सगळ्यांच्या सीटा धरायचा. एकदा त्याने आपल्या धाकट्या भावाला ट्रॅकवर आणलं. भाऊ ओरडला, "दादा, सोडू नको हं!" धाकू म्हणाला, "धरलंय, धरलंय." आणि सायकल शिकवणारा प्रत्येक माणूस करतो तेच त्याने केलं. हसत हसत हात काढून घेतला. वळणावर भावाने मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. तो घाबरला, आणि सायकलसकट कठड्यावरून पलीकडे गेला.

"भाऊ जागीच गेला. धाकूने अन्नपाणी टाकलं. वर्षही काढलं नाय त्याने," काका म्हणाले. "तेव्हापासून तो शब्द इथं कुणी बोलत नाय. मी कधी काही बघितलेलं नाय हां. आजपण नाय. सीटमागे कुणी नव्हतं. पण सीटचं मागचं टोक कुणी मुठीत आवळावं तसं दबलेलं होतं."

हॉस्पिटलमध्ये ईसीजी ठीक निघाला. समीक्षाने चार दिवस अबोला धरला, मग गाडी रुळावर आली. साईनाथने घरातली सायकल विकून टाकली.

जानेवारीत तो काकांना भेटायला गेला. काका डाव्या हाताने चहा पीत होते. उजवी मूठ अजून तशीच आवळलेली होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मालिश झालं, शेक झाला. काही केल्या बोटं उघडत नव्हती. माणूस मात्र निम्म्याने वाळला होता.

"दुखतं का काका?"

"ओढ लागते रे," काका म्हणाले. "कुणीतरी पलीकडून खेचतंय असं. पण तू नको काळजी करू. मी बोललोय ना धरलंय म्हणून... मग धरलंय."

काका चैत्रात गेले. झोपेतच गेले. त्यांच्या मुलाने फोनवर साईनाथला सांगितलं, आंघोळ घालताना मूठ आपोआप उघडली. आत काही नव्हतं.

त्याच संध्याकाळी डोंबिवलीला साईनाथ जेवायच्या टेबलाशी बसला होता. समीक्षा आत पोळ्या करत होती.

आणि त्याची खुर्ची...

मागून कुणीतरी धरली.

घट्ट.

तो जागेवरून हललासुद्धा नव्हता, तरी मनगटावरचं घड्याळ वाजायला लागलं.

तो ताडकन उठला. हात सुटला. घड्याळ थांबलं. पुन्हा बसला... पुन्हा धरलं. ऑफिसमध्ये तेच. रिक्षात तेच. बसलं की तो येतो. काही करत नाही, मारत नाही, पाडत नाही. नुसतं धरतो. आणि इकडे ह्याच्या काळजाचे ठोके वाढत जातात.

गेल्या शनिवारी साईनाथ माझ्याकडे विठ्ठलवाडीला आला. डोंबिवलीहून बसमध्ये उभा राहून आला. पाय सुजलेले, डोळे खोल गेलेले. मी म्हटलं, "अरे, दारात काय उभा? बस ना."

"नको ताई. उभाच बरा आहे."

तेव्हा त्याने मला हे सगळं सांगितलं. भिंतीला टेकून, तासभर उभ्या उभ्या. मी डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणाला, झाले सगळे. पूजा, नारळ, कोलशेतला जाऊन हात जोडणं, तेही झालं. ट्रॅकवर जाऊन "सोडा, सोडा" म्हणून रडून आला. खाडीवरचा वारा तेवढा वाहत होता.

"झोपतोस तरी का?"

"पडलं की नाही येत तो. बसलं की येतो. पण ताई, किती दिवस उभा राहू गं मी?"

आमचा हा एवढा मोठा माणूस, लहानपणी मार खातानाही न रडणारा, माझ्या दारात उभा राहून रडत होता. मला बघवेना. मी पुढे होऊन त्याचा दंड पकडला, आणि ते दोन शब्द माझ्या अगदी ओठांवर आले.

मी धरलंय.

त्याने चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "आणि समीक्षाला यातलं काही कळू देऊ नकोस. ती एका क्षणात बोलून टाकेल."

तो गेला. त्याने तोंडावर हात ठेवला नसता, तर मी बोलले असते का? मला खरंच माहीत नाही.

आज सकाळी समीक्षाचा फोन आला होता. आवाज आनंदी होता. म्हणाली, "वन्सं, काय झालं कुणास ठाऊक, काल रात्रीपासून हे मस्त खुर्चीत बसतायत. टीव्हीसुद्धा बघितला. किती दिवसांनी!"

मी विचारलं, "आणि तू गं? तू बरी आहेस ना?"

"मी बरीच आहे की," ती हसली. "हात तेवढा आखडलाय थोडा. रात्रीपासून मूठच उघडत नाहीये..."