निळा गोल

दार लोटून घे रे, आणि मध्ये कुणी फिदीफिदी हसायचं नाही. माझ्या ड्रायव्हरची गोष्ट आहे. त्याच्याच बसवर मी कंडक्टर होतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच्या पाठीवरचा काळा तीळ कॅन्सरचा निघाला. कापला, बरा झाला. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, "हा गेला तरी पुढे दुसरा, वेगळाच कॅन्सर होऊ शकतो. दरवर्षी दाखवायला यायचं." तपासणीच्या आदल्या रात्री वहिनी त्याला दिव्याखाली बसवायच्या. जिथे शंका येईल तिथे निळ्या पेनाने गोल काढायच्या, डॉक्टरांच्या नजरेतून सुटायला नको म्हणून. "हलू नका!" असा वर दम. सगळं ठीक निघालं की ओल्या टॉवेलने गोल पुसायच्या आणि म्हणायच्या, "सुटलात."

मग वहिनीच अचानक गेल्या. त्यानंतरची पहिली तपासणी बुधवारी होती. मंगळवारी संध्याकाळी गाडी डेपोत लावून आम्ही बल्ब आणायला गेलो, त्याच्या खोलीतला उडाला होता. वाटेत म्हणाला, "उद्या नाही जात. धडधाकट आहे मी. आणि पाठ कोण बघणार आता?"

घरी गेला, बल्ब तसाच टेबलावर ठेवून झोपला. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती.

रात्री जाग आली. मानेवर काहीतरी गार टेकलं होतं... पेनाचं टोक. तो वळायला गेला.

"हलू नका."

आवाज ओळखीचा. तो हलला नाही. टोक पाठीवरून फिरलं. कुठेच थांबलं नाही. खांद्यावरून पुढे आलं... गळ्यावर. एक गोल. मग काहीच नाही.

सकाळी त्याने मला कॉलर उघडून दाखवली. निळा गोल, आत स्वच्छ कातडी. साबणाने घासघास घासला, जाईना. मी म्हटलं, "चल डॉक्टरांकडे." तर म्हणाला, "ना तीळ, ना गाठ. काय सांगू त्यांना? बायको येऊन गेली?" आणि कॉलरचं बटण लावून टाकलं.

काही महिन्यांनी गाठ आली. बरोबर त्या गोलात. कॅन्सर वेगळाच होता, आतल्या आत पसरलेला. डॉक्टर म्हणाले, तपासणीला आला असता तर...

शेवटच्या रात्री हॉस्पिटलात मीच होतो. फार हाल झाले रे त्याचे, बघवत नव्हतं. पहाटे जरा डोळा लागला माझा. उघडला, तर श्वास थांबलेला. गळा स्वच्छ. गोल नाही.

मी घडी करून ठेवलेला कोरडा टॉवेल उशाशी होता. ओला... एका कोपऱ्याला निळी शाई.